भट्टीबाहेर घडलेली मूलद्रव्ये

आपण सारे ताऱ्यांच्या राखेतून घडलो आहोत, हे विधान आता शाळेच्या विज्ञान प्रदर्शनापासून दिवाळी अंकांतल्या लेखांपर्यंत सगळीकडे भेटते. रक्तातले लोह, हाडांतले कॅल्शियम, श्वासातला ऑक्सिजन हे सारे कुठल्या तरी ताऱ्यात शिजले आणि त्या ताऱ्याच्या मृत्यूबरोबर अवकाशात पसरले, असा त्याचा अर्थ. लोह, कॅल्शियम आणि ऑक्सिजन यांच्यापुरते ते खरेच आहे. पण हेच विधान मूलद्रव्यांच्या उत्पत्तीचा पूर्ण सिद्धान्त म्हणून पुढे केले जाते, तेव्हा ते उथळ ठरते. आवर्तसारणीत हायड्रोजन आणि हीलियम यांच्या लगेच नंतर बसलेल्या तीन मूलद्रव्यांनाच ते लागू पडत नाही. लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन ही ती तीन मूलद्रव्ये.

माझे म्हणणे असे की, केंद्रक जुळून आले म्हणजे मूलद्रव्याची उत्पत्ती पूर्ण झाली असे नाही. घडलेले केंद्रक उष्णतेपासून वाचावे लागते आणि मोकळ्या अवकाशात पोचावे लागते. फुटणारे तारे ही तीन मूलद्रव्ये विश्वाला मिळवून देतात ती प्रामुख्याने भट्टी म्हणून नव्हे. कुठे ते कणांना वेग देऊन इतरत्र टकरी घडवतात, कुठे न्यूट्रिनोंचा मारा करतात, तर कुठे नुकतेच घडलेले द्रव्य जळण्याआधी बाहेर फेकतात. हे तीन मार्ग वेगळे आहेत आणि प्रत्येकाचा पुरावाही वेगळा आहे. ते एकाच वाक्यात कोंबले की विज्ञानाचा गाभाच निसटतो.

१. हिशेब कुठे अडतो

सूर्यमालेतील द्रव्यात सिलिकॉनचे दहा लाख अणू मोजले, तर त्यांच्या जोडीला कार्बनचे सत्तर लाखांहून अधिक अणू सापडतात. लिथियमचे मात्र पन्नास-साठ, बोरॉनचे वीसच्या आसपास आणि बेरिलियमचा धड एकही नाही. हलकी मूलद्रव्ये विपुल आणि जड मूलद्रव्ये दुर्मीळ हा विश्वाचा साधारण नियम. त्या नियमात हीलियम आणि कार्बन यांच्यामध्येच खोल दरी पडली आहे.

या दरीचे कारण केंद्रकांच्या रचनेत आहे. पाच किंवा आठ वस्तुमानांकाचे एकही स्थिर केंद्रक निसर्गात नाही. हीलियमला प्रोटॉन चिकटला तर ते केंद्रक क्षणात मोडते. दोन हीलियम केंद्रके एकत्र आली तर बेरिलियम-८ तयार होते आणि तेही सेकंदाच्या कल्पनातीत लहान अंशात फुटते. ताऱ्याने यावर काढलेली वाट म्हणजे तीन हीलियम केंद्रकांचा जवळजवळ एकाच वेळी होणारा संयोग. त्यातून थेट कार्बन मिळतो. ही वाट शक्य व्हावी म्हणून कार्बन-१२ मध्ये एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असे भाकीत फ्रेड हॉइल यांनी १९५३ च्या सुमारास केले आणि प्रयोगाने ते खरे ठरवले. हॉइल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू. या शोधाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. हीलियमवरून कार्बनवर उडी घेताना तारा लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन या तिन्ही पायऱ्या ओलांडून जातो.

महास्फोटाकडे वळले तरी हिशेब पूर्ण होत नाही. पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन, हीलियम आणि थोडे लिथियम बनले. पाच आणि आठचे अडथळे तिथेही होते, शिवाय विश्व झपाट्याने थंड होत होते. त्यामुळे बेरिलियम-९ आणि बोरॉन नगण्य प्रमाणात तयार झाले. लिथियमचीही गोष्ट सरळ नाही. सैद्धान्तिक भाकितानुसार हायड्रोजनच्या दर दहा अब्ज अणूंमागे लिथियमचे पाच अणू असायला हवेत. १९८२ मध्ये फ्रांस्वा आणि मोनिक स्पाइट यांनी आकाशगंगेच्या प्रभामंडलातील जुन्या ताऱ्यांत ते मोजले, तेव्हा प्रमाण भाकिताच्या जेमतेम एक तृतीयांश भरले. सूर्यमालेच्या मूळ द्रव्यात मात्र लिथियम या जुन्या ताऱ्यांच्या सुमारे दहापट आहे. भाकीत पूर्ण खरे धरले तरी आजच्या लिथियमपैकी चौथ्या हिश्श्याच्या आसपासच महास्फोटाच्या खात्यावर टाकता येते. उरलेले मधल्या काळात कुठून तरी आले.

२. तारा लिथियम खातो

तारे ही मूलद्रव्ये घडवायला असमर्थ आहेत, एवढ्यावर हे थांबत नाही. आधीपासून असलेली मूलद्रव्येही ते नष्ट करतात. तापमान सुमारे २५ लाख अंशांवर गेले की प्रोटॉनच्या धडकेने लिथियम फुटून हीलियम होते. बेरिलियमची मर्यादा ३५ लाखांच्या आसपास आणि बोरॉनची ५० लाखांच्या. सूर्याच्या गाभ्याचे तापमान दीड कोटी अंश आहे. म्हणजे ताऱ्याच्या बाह्य थरांतच ही मूलद्रव्ये सुरक्षित राहू शकतात, तीही ते थर घुसळून खोल जात नाहीत तोवर.

याचा पुरावा आपल्या सूर्यावरच आहे. सूर्यमालेच्या जन्मवेळचे द्रव्य जपून ठेवणाऱ्या अशनींशी तुलना केली तर सूर्याच्या पृष्ठभागावर लिथियम सुमारे दीडशेपट कमी आहे. खगोलशास्त्रज्ञ या नाशाचा कसोटी म्हणून उपयोगही करतात. ताऱ्याइतका तापू न शकलेला तपकिरी बटू ओळखायचा असेल, तर त्याच्या वर्णपटात लिथियम शिल्लक आहे का ते पाहतात. लिथियम टिकले असेल, तर त्या वस्तूचा गाभा कधी पुरेसा तापलाच नाही.

१९५७ मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि हॉइल यांनी ताऱ्यांतील मूलद्रव्यनिर्मितीवर विख्यात निबंध लिहिला. ताऱ्यांची थोरवी सिद्ध करणाऱ्या त्याच निबंधात ड्यूटेरियम, लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन यांच्यासाठी ‘एक्स प्रक्रिया’ असा वेगळा कप्पा करावा लागला. ताऱ्याच्या गाभ्यात ही केंद्रके टिकणार नाहीत, हे लेखकांना स्पष्ट दिसत होते. ज्या निबंधाच्या आधारे सगळे ताऱ्यांतून आले असे आज सर्रास सांगितले जाते, त्यानेच या चौघांना त्या नियमातून वगळले होते. चौघांपैकी ड्यूटेरियमचा उगम पुढे महास्फोटात सापडला. बाकी तिघांसाठी वेगळा शोध घ्यावा लागला.

३. पहिला मार्ग: स्फोट वेग देतो, टक्कर मूलद्रव्य देते

या शोधाचा पहिला धागा विश्वकिरणांत मिळाला. विश्वकिरण म्हणजे प्रकाशाच्या जवळपास वेगाने अवकाशात फिरणारी केंद्रके. १९१२ मध्ये व्हिक्टर हेस यांनी बलूनमधून त्यांचा छडा लावला. वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ मध्येच त्यांचा संबंध अतिनवताऱ्यांशी जोडला होता. अतिनवताऱ्याच्या स्फोटातून निघालेली आघात-लाट आंतरतारकीय वायूतून धावते, तेव्हा तिच्या आरपार पुन्हा पुन्हा ये-जा करणाऱ्या कणांचा वेग वाढत जातो. आकाशगंगेतील विश्वकिरणांचा साठा कायम राहायचा, तर अतिनवताऱ्यांच्या गतिज ऊर्जेपैकी साधारण दहावा हिस्सा या कणांत उतरावा लागतो. २०१३ मध्ये फर्मी अवकाश दुर्बिणीने अतिनवताऱ्यांच्या आयसी ४४३ आणि डब्ल्यू ४४ या दोन अवशेषांतून येणाऱ्या गॅमा किरणांत वेगवान प्रोटॉनांची खूण ओळखली, आणि जुन्या तर्काला प्रत्यक्ष आधार मिळाला.

हे वेगवान कण अवकाशातल्या कार्बन आणि ऑक्सिजनच्या केंद्रकांवर आदळले की ती फुटतात. त्यांचे तुकडे म्हणजेच लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन. हे तुकडे ताऱ्यांमधल्या थंड, विरळ वायूत तयार होतात, म्हणून टिकतात. ह्युबर्ट रीव्ह्ज, फाउलर आणि हॉइल यांनी हा विचार १९७० मध्ये मांडला. एक्स प्रक्रियेच्या लेखकांपैकीच दोघे त्यात होते. सर्वांत बोलका पुरावा विश्वकिरणांच्या घटकांत आहे. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या तुलनेत ही तीन मूलद्रव्ये सूर्यमालेत अत्यल्प आहेत, तर विश्वकिरणांत त्यांचे प्रमाण लाखो पटींनी अधिक आहे. प्रवासात फुटलेल्या केंद्रकांचे तुकडे बरोबर वाहून आणल्याशिवाय हे घडणार नाही.

प्रवास किती लांबचा, तेही बेरिलियमच सांगते. टकरीत बेरिलियम-१० हे किरणोत्सारी समस्थानिकही बनते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षे. विश्वकिरणांत ते अपेक्षेपेक्षा कमी उरलेले दिसते. त्यावरून हे कण आकाशगंगेत दीड कोटी वर्षांच्या आसपास भटकत असतात, असा हिशेब निघतो.

ही फोडाफोड आपल्या डोक्यावरही अखंड चालू असते. विश्वकिरण वातावरणातल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनवर आदळतात आणि बेरिलियमचे किरणोत्सारी समस्थानिक पावसाबरोबर जमिनीवर उतरतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बर्नार्ड पीटर्स, देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात या विषयात पायाभूत काम केले. पावसाच्या पाण्यातील बेरिलियमवरचा या संस्थेतला निबंध १९५६ चा, आणि खोल समुद्रातल्या गाळातील बेरिलियम-१० वरचा १९५७ चा. हलक्या मूलद्रव्यांच्या निर्मितीची एक प्रक्रिया या देशातल्या प्रयोगशाळेत पावसाच्या पाण्यातून मोजली गेली, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवी.

४. जुन्या ताऱ्यांची साक्ष

इथवर टक्कर सिद्ध झाली. पण कोण कोणावर आदळतो? वेगवान प्रोटॉन स्थिर कार्बन-ऑक्सिजनवर आदळत असतील, तर बेरिलियम किती बनेल हे दोन गोष्टींवर ठरेल: अतिनवतारे किती फुटत आहेत, आणि वायूत कार्बन-ऑक्सिजन किती साठले आहेत. आकाशगंगेच्या बालपणी हा साठा फारच थोडा होता. म्हणून लोहाचे प्रमाण दहापट वाढले की बेरिलियम शंभरपट वाढायला हवे. १९९० च्या दशकात अतिशय जुन्या, लोह कमी असलेल्या ताऱ्यांच्या मोजमापांनी वेगळेच दाखवले. लोह दहापट, तर बेरिलियमही दहापटच्या आसपास. हबल दुर्बिणीतून मोजलेले बोरॉनही तसेच वागले.

याचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. आदळणारे कण स्वतःच कार्बन आणि ऑक्सिजन असले पाहिजेत, म्हणजे ताऱ्यांनी बाहेर टाकलेले ताजे द्रव्यच वेग घेऊन साध्या हायड्रोजनवर धडकते. मग परिसर कितीही कोरा असला तरी प्रत्येक स्फोटामागे बेरिलियमचा ठरावीक वाटा मिळतो.

मग प्रत्येक अतिनवतारा स्वतःचीच राख पळवतो का? तसेही नाही. १९९७ मध्ये सोडलेल्या ‘एस’ या अवकाशयानाने विश्वकिरणांतील निकेल-५९ शोधले, तेव्हा ते जवळजवळ नाहीसे झालेले आढळले. हे समस्थानिक भोवतीचा इलेक्ट्रॉन गिळूनच क्षय पावते. पूर्ण वेगात असताना त्याच्याभोवती इलेक्ट्रॉन नसतात. म्हणजे वेग मिळण्यापूर्वी हे द्रव्य किमान लाखभर वर्षे शांत पडून होते. त्याच यानाने विश्वकिरणांत लोह-६० ही टिपले. त्याचे अर्धायुष्य २६ लाख वर्षे, म्हणून त्याचा उगम फार जुना किंवा फार दूरचा असू शकत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की चित्र स्पष्ट होते: महाकाय तारे समूहाने जन्मतात, एकामागून एक फुटतात, आणि आधीच्याने टाकलेल्या द्रव्याला नंतरच्याची आघात-लाट वेग देते. बेरिलियम हे एका ताऱ्याचे नव्हे, शेजारी फुटलेल्या अनेक ताऱ्यांचे सामायिक अपत्य आहे.

५. दुसरा मार्ग: न्यूट्रिनोंचा मारा

टकरींनी बेरिलियमचा आणि लिथियम-६ चा प्रश्न सुटतो. बोरॉनचा पूर्ण सुटत नाही. अशनींत बोरॉन-११ आणि बोरॉन-१० यांचे गुणोत्तर चारच्या आसपास आहे. नेहमीच्या विश्वकिरणांच्या टकरींतून ते अडीचच्या आसपास येते. याचा अर्थ, बोरॉन-११ चा आणखी एखादा उगम असला पाहिजे.

त्यासाठी सर्वांत सबळ उमेदवार अतिनवताऱ्याच्या आतच आहे. महाकाय ताऱ्याचा गाभा कोसळतो तेव्हा सुटणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ९९ टक्के न्यूट्रिनो घेऊन जातात. हे कण कशाशीही सहसा अडखळत नाहीत. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅजेलनी मेघातील अतिनवताऱ्याचे न्यूट्रिनो पृथ्वीवर पोचले, तेव्हा जपान, अमेरिका आणि रशियातल्या उपकरणांत मिळून दोन डझनांच्या आसपासच नोंदले गेले. पण ताऱ्याच्या अगदी आत त्यांची संख्या इतकी प्रचंड असते की काहींची धडक वरच्या थरांतल्या कार्बनला बसतेच. कार्बन-१२ मधून एक प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन उडाला की अखेर बोरॉन-११ उरते. पाठोपाठ येणारी आघात-लाट तो थर बाहेर ढकलते आणि नव्याने बनलेल्या बोरॉनचा काही भाग वाचतो. बोरॉनच्या गुणोत्तरातली तफावत भरून काढायला कमी ऊर्जेच्या विश्वकिरणांचाही पर्याय सुचवला गेला आहे. त्या पर्यायातही वेग देण्याचे काम स्फोटाच्या लाटेकडेच राहते.

६. तिसरा मार्ग: नवतारा

लिथियम-७ ची अडचण याहून मोठी. अशनींत लिथियम-७ आणि लिथियम-६ यांचे गुणोत्तर बारा आहे, तर टकरींतून ते दोनच्याही खाली येते. म्हणजे बहुतांश लिथियम-७ टकरींतून आलेले नाही. महास्फोटाचा वाटा वजा केला तरी मोठी रक्कम उरते.

इथे नवतारा पुढे येतो. श्वेत बटू आपल्या जोडीदार ताऱ्याकडून हायड्रोजन ओढून घेतो. पृष्ठभागावर साठलेला हा थर एका टप्प्याला पेटतो आणि उधळला जातो. तारा मरत नाही, कालांतराने पुन्हा पेटतो. त्या आगीत हीलियम-३ आणि हीलियम-४ यांच्यापासून बेरिलियम-७ बनते. त्याचे अर्धायुष्य ५३ दिवस. पुढे त्याचेच लिथियम-७ होते. या ५३ दिवसांना फार महत्त्व आहे. लिथियम थेट आगीत बनले असते तर आगीतच जळाले असते. बेरिलियम-७ च्या रूपाने ते बाहेर फेकले जाते आणि थंड झालेल्या कवचात सावकाश लिथियम होते. बेरिलियमचे असे स्थलांतर झाले तर लिथियम वाचेल, हे तत्त्व ॲलिस्टर कॅमरन आणि फाउलर यांनी १९७१ मध्ये लाल राक्षसी ताऱ्यांच्या संदर्भात मांडले होते. नवताऱ्यांना ते लागू होईल, असे सैद्धान्तिक काम १९७० च्या दशकातच झाले.

प्रत्यक्ष पुरावा मिळायला चार दशके लागली. ऑगस्ट २०१३ मध्ये धनिष्ठा तारकासमूहात नवतारा दिसला. हवाई बेटावरील जपानच्या सुबारू दुर्बिणीने त्याच्या अतिनील वर्णपटात बेरिलियम-७ च्या रेषा टिपल्या, आणि अकितो ताजित्सू व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. हे द्रव्य सेकंदाला हजार किलोमीटरहून अधिक वेगाने बाहेर येत होते. त्याच वर्षी लुका इझ्झो व सहकाऱ्यांनी नरतुरंग तारकासमूहातल्या २०१३ च्याच दुसऱ्या नवताऱ्यात लिथियमची रेषा ओळखल्याचे जाहीर केले. निर्मिती आणि सुटका ही दोन्ही कामे एकाच घटनेत होताना दिसली.

७. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: कार्बन ताऱ्यांचा, स्फोटही ताऱ्यांचा, मग ताऱ्यांतूनच आले म्हणण्यात काय चुकले? चुकते ते कारणमीमांसेत. बेरिलियम-९ चे केंद्रक कुठल्याही ताऱ्याच्या आत घडलेले नाही. ते जड केंद्रक फुटून बनले आहे, हलकी जुळून नव्हे. ‘ताऱ्यांत हलक्यापासून जड बनते’ हे सूत्र इथे दिशेनेच उलटे होते. कच्चा माल कुणाचा आणि निर्मिती कुठे झाली, हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

दुसरा आक्षेप: इतक्या क्षुल्लक प्रमाणात असलेल्या मूलद्रव्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? कारण ही दुर्मीळताच त्यांना बोलके साक्षीदार बनवते. बेरिलियम-९ ला विश्वकिरणांखेरीज दुसरा महत्त्वाचा उगम नाही, म्हणून त्याचा साठा काळाबरोबर वाढत जातो आणि कालमापनाला उपयोगी पडतो. लुका पास्क्विनी व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एनजीसी ६३९७ या गोलाकार तारकागुच्छातले बेरिलियम मोजून, आकाशगंगेतल्या पहिल्या ताऱ्यांनंतर वीस-तीस कोटी वर्षांत तो गुच्छ जन्मला असा अंदाज काढला. व्यवहाराकडे पाहिले तरी लिथियमवर आपल्या बॅटऱ्या चालतात, आणि बोरॉन कमी पडले की डाळिंबाची फळे तडकतात हे सोलापूर-नाशिकच्या बागाईतदारांना सांगावे लागत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नवताऱ्यांत मोजलेले लिथियम सैद्धान्तिक प्रतिकृतींपेक्षा बरेच जास्त येते, आणि लाल राक्षसी ताऱ्यांचा वाटा किती यावर एकमत नाही. मग हा सिद्धान्त पक्का कसा? वाद वाट्याच्या आकड्यांवर आहे, यंत्रणेवर नाही. लाल राक्षसी ताऱ्यातही लिथियम मिळते ते बेरिलियम-७ खोलवरच्या तप्त थरांतून वेळेत वर, थंड थरात पोचले तरच. तिथेही माझा मूळ मुद्दा कायम राहतो: घडणे पुरेसे नाही, निसटणे आवश्यक आहे.

चौथा आक्षेप शिक्षकांचा: मुलांना सोपे करून सांगावे लागते. जरूर सांगावे. पण सोपे करणे आणि चुकीचे सांगणे यांत फरक आहे. हायड्रोजन आणि हीलियम मुख्यतः महास्फोटातून आले, कार्बनपासून पुढची बहुतेक मूलद्रव्ये ताऱ्यांतून आणि त्यांच्या स्फोटांतून आली, आणि मधली तीन मुख्यतः स्फोटांनी घडवलेल्या टकरींतून व सुटकेतून आली, हे सातवीच्या मुलालाही समजते.

८. निष्कर्ष

उष्णतेने सारे घडते ही समजूत अपुरी आहे. विश्वाच्या घडणीत जोडण्याइतकेच फोडण्याला स्थान आहे आणि निर्मितीइतकेच बचावाला. लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन या तिघांनीच हे सिद्ध केले आहे, कारण ताऱ्याच्या भट्टीत ती टिकलीच नसती. म्हणून शिक्षकांना आणि विज्ञानलेखकांना माझी विनंती आहे: यापुढे मूलद्रव्यांच्या उगमाचा तक्ता काढाल तेव्हा या तीन चौकटींना ताऱ्यांचा रंग देऊ नका. त्यांना वेगळा रंग द्या आणि विद्यार्थ्याने कारण विचारले, तर त्याला पूर्ण उत्तर द्या.